वंगणाचा नळा

गेल्या वर्षी मी जुनी पिकअप घेतली, काट्यावर २,८६,००० किलोमीटर. आधीच्या मालकाने तिच्यावर नारायणगावच्या टोमॅटो बाजाराच्या खेपा मारल्या, वंगणाकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही. डिफरन्शियलचं ऑइल डांबरासारखं निघालं, डाव्या कमानपाट्याचं एक पान तुटलेलं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आधी ऑइल, लायनर, बेअरिंगचं ग्रीस. रंगाचं नंतर बघू."

आजोबांना हे सांगावं लागलं नसतं. त्यांच्या बैलगाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे. बाजाराला निघण्याआधी कण्याला वंगण ठरलेलं. उन्हाळ्यात लाकूड आटून चाकाची धाव ढिली झाली, की लोहाराकडे तापवून पुन्हा चढवायची. त्याच्या कितीतरी आधी जुन्नरचा माल जनावरांच्या पाठीवरून नाणेघाटाने कल्याणकडे उतरे. घाटातला दगडी रांजण जकातीचा, असं सांगतात. तिथं देखभाल म्हणजे खूर आणि खांदे.

१९५८मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि तिचं नाव इतकं रुळलं, की आमच्याकडे कुठलीही छोटी मालवाहू गाडी टेम्पोच झाली. १९८६मध्ये टाटा ४०७ आली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी जुन्नर-आंबेगावात बागायत वाढली, आणि भाजी रातोरात वाशीला पोचवायची घाई सुरू झाली. माझ्या मते नळा तेव्हाच हरवला.

माझी गाडी मंचरच्या गॅरेजात पाच दिवस होती. क्लच प्लेट अजून बाकी आहे. टोमॅटो सुरू व्हायच्या आत टाकायची.