रुमालापासून सर्व्हरपर्यंत

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापुरात सातबारा काढायला गेलेल्या माणसाला "सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या" हे एकदा तरी ऐकावंच लागतं. पीकविम्याची मुदत तोंडावर, पिशवीत आधार आणि पासबुक, मुठीत पंधरा रुपये. माणूस बाहेर ओट्यावर बसतो. मीही बसलोय. हा सर्व्हर राहतो तरी कुठे, हा प्रश्न मला तिथेच पडला.

सर्व्हर म्हणजे दप्तर. पूर्वी कागद चौकोनी कापडात गुंडाळून गाठ मारत, त्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही कागद रुमालांवर मोजतात. आपल्याकडे निजामाच्या राज्यात गावचं दप्तर पटवाऱ्याच्या घरी असे. ते धुतल्या तांदळासारखं नव्हतं, लेखणीच्या एका फटकाऱ्यात कुळाची जमीन जायची. पण दप्तर गावात होतं, म्हणून ते सांभाळणाऱ्याचं वतनही गावातच होतं. वरचं दप्तर मात्र हैदराबादला. 2023 मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा न्यायमूर्ती शिंदे समितीला हैदराबाद गाठावं लागलं. आपलेच आजे-पणजे, आणि त्यांचा कागद परमुलखात.

1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि रुमालाची गाठ कायमची सुटली. आता दप्तराला इमारत लागते, अखंड वीज लागते, रात्रंदिवस गारवा लागतो. अशा खासगी इमारती, म्हणजे डेटा सेंटर, महाराष्ट्रात सर्वांत जास्त उभ्या राहिल्या त्या नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात. समुद्राखालून येणाऱ्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, हे त्याचं मोठं कारण.

पण त्या इमारतींखालची जमीन कुणाची होती? आगरी-कोळ्यांची. आधी एमआयडीसीने घेतली, मग सिडकोने. जानेवारी 1984 मध्ये उरणजवळ जासई परिसरात शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाच जण गेले. पुढे सिडकोने घेतलेल्या जमिनीपोटी साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. याच्या कितीतरी आधी पुण्याजवळ मुळशीत धरणाची वीज मुंबईला आणि पाणी मावळ्यांच्या घरात, असं झालं होतं. सेनापती बापट 1921 पासून त्याविरुद्ध लढले आणि हरले. साडेबारा टक्के हा मला त्या हरलेल्या लढाईचा नातू वाटतो.

आपल्याला वाट्याची भाषा कुणी शिकवायला नको. भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी नुसता ऊस विकणारा नसतो, सभासद असतो. डेटा सेंटरमध्ये तसा सभासद नसतो, आणि नोकऱ्याही थोड्याच. बांधकामापुरती माणसं खूप लागतात, नंतर इलेक्ट्रिशियन, एसीचे मेकॅनिक, जनरेटर सांभाळणारे, पहारेकरी. म्हणून उद्या डेटा सेंटर आपल्याकडे यायचं म्हटलं, तर नुसत्या नोकरीच्या बोलीवर जमीन देऊ नये.

मागायचं ते वेगळं. यंत्रांच्या गारव्याला पाणी लागेल, पण इसापूरच्या कालव्याचं पाणी केळीचं आहे, त्याला हात नको. नवी मुंबई महापालिका सांडपाणी पुन्हा शुद्ध करून कारखान्यांना देते, मग नांदेडचं सांडपाणी का नाही? यंत्रांतून निघणाऱ्या उष्णतेचंही तसंच. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात मेटाच्या डेटा सेंटरची ऊब पाइपांतून हजारो घरांत जाते. आपल्याला घर तापवायचं नाही, पण शिजवलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात पडून असते, आणि अवकाळीचं आभाळ आलं की रात्री घरदार ताडपत्री घेऊन खळ्याकडे पळतं. त्या उबेवर वाळवणीच्या शेड चालतील का, हे इंजिनिअरांना विचारायला हवं. शिवाय आयटीआयच्या पोरांना आधीपासून शिक्षण, नगरपंचायतीला किंवा ग्रामपंचायतीला पूर्ण कर, आणि गावागावात न तुटणारी फायबरची लाइन.

नवी मुंबईकरांना साडेबारा टक्के मिळाले ते जमीन गेल्यावर, माणसं गेल्यावर. उद्या आपल्या शिवारात कुणी मोजणीला आलं, तर मोबदल्याचा आकडा ऐकण्याआधी पाणी, ऊब, कर आणि शिक्षण यांचा करार मराठीत लिहून मागा. ग्रामसभेत तो मोठ्याने वाचून घ्या. सही त्यानंतर.