व्हीआरएस घेतली ते शहाणे, का राहिले ते?

माझा विषय सांगितला की साताऱ्यात हमखास एक प्रश्न येतो. ‘मग काय निघालं अभ्यासातनं? व्हीआरएस घेतली ते शहाणे, का राहिले ते?’ लग्नात विचारतात, एसटीत विचारतात. एकदा तर मुलाखत द्यायला बसलेल्या काकांनीच मला आधी हे विचारून घेतलं. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा असं कुणीतरी असतं, ज्यानं तो फॉर्म भरला किंवा भरायचा म्हणून आणला आणि कपाटात ठेवून दिला. त्यामुळे प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नसतो. बाबांचं चुकलं का, एवढंच त्यांना हवं असतं.

सुरुवातीला मी उत्तर द्यायचा प्रयत्न करायचे. आता करत नाही. का ते आज लिहिते, कारण संशोधनाचा विषय घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न याच घाटाचा असतो: ‘अमुक निर्णय बरोबर होता का?’

व्हीआरएस म्हणजे १९९१ नंतरचं प्रकरण, असं मी पहिले सहा महिने धरून चालले होते. ती चूक होती. मुळं आणखी मागं जातात. १९७६ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात पाच-ब हे प्रकरण घातलं गेलं. तीनशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कामगार कपात करायला किंवा कारखाना बंद करायला आधी सरकारची परवानगी लागू लागली. पुढे ही मर्यादा शंभरावर आणली. परवानगी सहजी मिळत नसे. पण त्याच कायद्यात ‘कपात’ या शब्दाची व्याख्या बघा. कामगाराची स्वेच्छानिवृत्ती तिच्यातून वगळलेली आहे. म्हणजे माणूस आपणहून गेला तर परवानगीचा प्रश्नच येत नाही. कपातीची कायदेशीर भरपाई सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. आपणहून जाण्यासाठी त्याच्या तिप्पट दिले तरी व्यवस्थापनाला परवडत होतं. ‘स्वेच्छा’ हा शब्द या कायद्याच्या फटीतून आलाय. हे कळलं त्या दिवशी माझा अर्धा प्रबंध बदलला.

केंद्र सरकारनं सार्वजनिक उद्योगांसाठी १९८८ मध्ये हे सूत्र पक्कं केलं: पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला दीड महिन्याचा पगार, किंवा निवृत्तीपर्यंत उरलेल्या महिन्यांचा पगार, यातलं जे कमी असेल ते. १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी आला. तो कामगारांना नवं काम शिकवण्यासाठी आहे असं सांगितलं गेलं, पण त्यातला बहुतेक पैसा व्हीआरएसची भरपाई देण्यातच गेला.

सातारा जिल्ह्याला ही गोष्ट मुंबईमार्गे कळली. पाटण, जावळी, कोरेगावकडच्या कितीतरी घरांची चूल लालबाग-परळहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालायची. चाळीत गावकीची खोली, तिथंच गावचे दहा-पंधरा गडी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधी झालीच नाही. संपानंतर कामावर परत घेतलेल्यांपुढे नव्वदच्या दशकात व्हीआरएसचा कागद आला. तेव्हा ‘राहणं’ म्हणजे काय होतं? गिरणी कधी चालू, कधी बंद, पगाराची खात्री नाही, आणि १९९१ च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केलेली. एका बाजूला रोख रक्कम आणि दुसऱ्या बाजूला गंजत चाललेले साचे, अशी ती निवड होती. तिला निर्णय म्हणायचं का, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. (गिरणगावच्या आठवणींवर काम करणार असाल तर नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं मुलाखतींवरचं पुस्तक आधी वाचा. मी उशिरा वाचलं.)

बँकांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती जास्त छळते, कारण तिथं खरोखर निवड होती. २००० साली सरकारी बँकांनी योजना आणली. पंधरा वर्षं सेवा किंवा चाळीस वर्षं वय झालेले अर्ज करू शकत होते. सूत्र तेच, फक्त वर्षाला दीड महिन्याऐवजी दोन महिने, आणि पुन्हा ‘जे कमी असेल ते’. सुमारे एक लाख माणसं बाहेर पडली.

माझी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची, त्यामुळे मी पहिल्यांदा आलेख काढला. तुम्हीही काढा, पाच मिनिटांचं काम आहे. पंचविसाव्या वर्षी लागलेला आणि साठाव्या वर्षी निवृत्त होणारा कारकून घ्या. चाळिसाव्या वर्षी त्याची सेवा पंधरा वर्षं, म्हणजे तीस महिन्यांचा पगार. पंचेचाळिसाव्या वर्षी चाळीस महिने. पंचावन्नाव्या वर्षी तीस वर्षं सेवा, साठ महिने. आणि उरलेली सेवाही नेमकी साठ महिने. तिथून पुढे उरलेले महिने कमी, म्हणून रक्कम घसरते. अठ्ठावन्नाव्या वर्षी फक्त चोवीस महिने. आलेख तंबूसारखा दिसतो, मधला खांब पंचावन्नवर.

आता खांबाच्या दोन बाजूंना कोण आहे ते बघा. पंचावन्नच्या पुढच्याला उरलेल्या नोकरीचा जवळजवळ सगळा पगार काम न करता मिळतोय. पगारवाढ आणि महागाई भत्त्यातली वाढ सोडली तर त्याला फार विचार करायचं कारण नाही. पंचेचाळिशीच्या माणसाला मात्र एकशे ऐंशी महिन्यांच्या पगाराच्या जागी चाळीस महिन्यांचा मिळतोय. खरा पेच त्याचा. तो नवं काही करू शकतो, पण त्याची मुलं शाळेत आहेत. माझ्या पहिल्या मसुद्यात मी हे सगळे एकाच रकान्यात ‘व्हीआरएस घेतलेले’ म्हणून टाकले होते आणि सरासरी काढून खूश होते. मार्गदर्शकांनी तो कागद न बोलता परत केला.

सुरुवातीला म्हटलं त्या काकांनी त्यांचा २००१ चा हिशोब मला दाखवला, वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीनं केलेला. पाच लाख मुदत ठेवीत, दहा टक्क्यांनी वर्षाला पन्नास हजार, महिन्याला चार हजारांच्या वर. (पाच लाखच का? कारण तेवढी रक्कम करमुक्त होती.) दहा टक्के हा आकडा त्यांनी शेवटच्या वर्षापर्यंत तसाच धरला होता. त्या काळी मुदत ठेवीवर साडेनऊ-दहा टक्के मिळतच होते, त्यामुळे गणित चुकीचं नव्हतं. २००४ पर्यंत दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास आला आणि महिन्याचे चार हजार तेवीसशेवर आले. त्यांच्या मुलाच्या मते बाबांनी घाई केली. मी पान बघितलं तेव्हा मला घाई दिसली नाही. तीन वेगवेगळ्या पेन्सिलींचे आकडे होते, म्हणजे माणूस पुन्हा पुन्हा बसला होता.

आणि जे राहिले ते सुरक्षित राहिले का? साताऱ्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ मध्ये काढलेली युनायटेड वेस्टर्न बँक, मुख्य कचेरी साताऱ्यात. ती खासगी, तिला वरची योजना लागू नव्हती, पण गावात ‘कायमची नोकरी’ म्हटलं की डोळ्यापुढे तीच यायची. सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्या व्यवहारांवर निर्बंध आणले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. सहा महिन्यांनी, एप्रिल २००७ मध्ये, सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. १९१६ पासूनची बँक. माणसं नव्या बँकेकडे वर्ग झाली, पण पाटी, बढतीची साखळी आणि बदलीचा नकाशा बदलला. ज्या नोकरीत राहायचं ठरवलं होतं ती नोकरीच राहिली नाही.

आता कागदपत्रांबद्दल थोडं. मुलाखतींआधी न्यायालयाचे निकाल वाचा. बँकांच्या योजनेत अट होती की एकदा केलेला अर्ज मागे घेता येणार नाही. अनेकांनी तरी मागे घेतला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार, डिसेंबर २००२. न्यायालयानं करार कायद्याचा आधार घेतला: योजना हे बँकेचं नुसतं आवाहन, प्रस्ताव असतो तो कर्मचाऱ्याचा अर्ज, आणि प्रस्ताव स्वीकारला जाईपर्यंत मागे घेता येतो. मात्र ज्यांनी योजनेचे पैसे घेऊन वापरले त्यांना ही वाट बंद. या निकालाचा मला उपयोग वेगळाच झाला. ‘निर्णय घेतला’ असं आपण एका क्रियापदात म्हणतो. इथं फॉर्म भरणं, मन बदलणं, मंजुरी येणं आणि पैसे उचलणं या चार वेगळ्या तारखा आहेत. पेन्शनचे वाद तर पुढे वीस वर्षं चालले. पंधरा वर्षं सेवेवर बाहेर पडलेल्या स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनचा निकाल मार्च २०२० मध्ये लागला.

मुलाखतीत ‘पश्चात्ताप होतो का?’ हे पहिल्यांदा विचारू नका. मी विचारायचे आणि सगळ्यांची उत्तरं सारखीच यायची, बरं झालं वाटणाऱ्यांचीही आणि वाईट वाटणाऱ्यांचीही. आता मी विचारते, फॉर्म आला त्या महिन्यात घरात काय चाललं होतं? मग बहिणीचं लग्न निघतं, विहिरीचं काम निघतं, परराज्यात झालेली बदली निघते, आईचं आजारपण निघतं. दुसरी गोष्ट, गावात मुलाखती घेतल्या तर गावात टिकलेलेच भेटतात. ज्यांचं बरं चाललं ते पुण्याला फ्लॅटमध्ये, ज्यांचं फार वाईट झालं ते कुणाच्या बोलण्यातच येत नाहीत. माझ्या यादीतली ही भोकं अजून भरलेली नाहीत.

सगळ्यात ताजं प्रकरण बीएसएनएलचं. फेब्रुवारी २०१९ चा पगार वेळेवर झाला नाही, तिथून धास्ती सुरू झाली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी योजना उघडली आणि ३ डिसेंबरला बंद झाली. सूत्र या वेळी वेगळं: झालेल्या प्रत्येक वर्षाला पस्तीस दिवस आणि उरलेल्या प्रत्येक वर्षाला पंचवीस. ७८,५६९ जणांनी अर्ज केले. ३१ जानेवारी २०२० ला ते एकाच दिवशी निवृत्त झाले, आणि आठ आठवड्यांत देशभर टाळेबंदी लागली.

माझ्या वहीत आता प्रत्येक माणसासमोर दोन रकाने असतात, ‘फॉर्मच्या तारखेला माहीत होतं’ आणि ‘नंतर कळलं’. बीएसएनएलमधून बाहेर पडलेल्या सांगलीच्या एका बाईंची मुलाखत गेल्या आठवड्यात घेतली. टाळेबंदी मी दुसऱ्या रकान्यात लिहिली. त्यांनी पहिल्या रकान्यात एक ओळ घालायला सांगितली. त्या नोव्हेंबरात पलूसकडे कृष्णेचा पूर ओसरून तीन महिने झाले होते आणि घराची भिंत अजून बांधायची होती.