भुईआवळी : नाव, वनस्पती आणि कसोटी

पॅरासिटॅमॉलच्या अतिमात्रेने यकृतास गंभीर इजा होते, हे १९६६ साली ब्रिटनमधील वैद्यांनी नोंदविले. तिचे कारण १९७३ च्या सुमारास उलगडले. यकृतातील विकरे या औषधाच्या काही अंशापासून विषारी द्रव्य बनवितात. ते निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन संपले की पेशी मरू लागतात. पुढे उंदरांना हेच औषध देऊन वनस्पतींचे अर्क पारखण्याची रीत रूढ झाली. कावीळीवरील लोकौषध म्हणून प्रसिद्ध असलेली भुईआवळी अशा प्रयोगांत वारंवार आढळते. या प्रयोगांच्या इतिहासात दोन शब्दांनी घोटाळा केला आहे. त्यांकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

पहिला शब्द वनस्पतीच्या नावाचा. संस्कृत 'भूम्यामलकी' आणि मराठी 'भुईआवळी' ही दोन्ही नावे रूपावरून पडली आहेत : जमिनीलगतचे रोपटे, पानांखाली आवळ्यासारखी इवली फळे. हे वर्णन एकाहून अधिक जातींस लागू पडते. भारतीय ग्रंथांत त्या सर्वांस फायलँथस निरुरी म्हणत. परंतु ती जाती मूळची अमेरिका खंडातील. भारतात त्या नावाखाली अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस अशा तीन जाती एकत्र झाल्या आहेत, असे १९८५ साली भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखविले. तेव्हा केवळ 'निरुरीचा अर्क' एवढीच नोंद असलेल्या जुन्या प्रयोगात नेमके कोणते झाड होते, हे जपून ठेवलेल्या नमुन्यावाचून ठरविता येत नाही.

दुसरा शब्द 'यकृतरक्षक'. पुष्कळ प्रयोगांत अर्क आधी देतात आणि विष मागाहून. अशा वेळी अर्काने विषारी द्रव्य बनविणाऱ्या विकरासच अडविले, तर यकृत वाचते. पण इजा झालेल्या रुग्णास त्याचा उपयोग होईलच असे नाही. रक्षण आणि उपचार हे भिन्न अर्थ आहेत. पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेवर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा मान्य झाला, तो विष पोटात गेल्यानंतर देऊनही गुण येतो म्हणून. आठ तासांच्या आत दिल्यास तो विशेष प्रभावी ठरतो.

तात्पर्य, परंपरेने दिलेले नाव हा संशोधनाचा आरंभ होय, पुरावा नव्हे. झाडाची जाती आणि अर्क देण्याची वेळ या दोन गोष्टी स्पष्ट नसतील, तर 'गुणकारी' या शब्दास शास्त्रीय अर्थ उरत नाही.