मार्ग-नियंत्रक योजन, स्वयंचलित
वेब-उपयोजनाकडे आलेली विनंती कोणत्या नियंत्रकाच्या सुपूर्द करावी, हे प्रत्येक मार्गाची स्वतंत्र नोंद न करता नामसंकेतावरून ठरविण्याची व्यवस्था. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रुबी ऑन रेल्स’ या चौकटीत आता ‘रिसोर्सेस :फोटोज’ एवढी एक ओळ लिहिली असता यादी, दर्शन, निर्मिती, विलोपन इत्यादी सात क्रियांचे मार्ग आपोआप सिद्ध होतात, आणि ‘/फोटोज/७’ हाच पत्ता ‘गेट’ या विनंती-प्रकाराने आल्यास दर्शनाकडे, ‘डिलीट’ने आल्यास विलोपनाकडे रुजू होतो. प्रारंभीचा ‘नियंत्रक/क्रिया/क्रमांक’ हा सरसकट साचा मात्र घातक होता. कारण त्यायोगे नियंत्रकातील कोणतीही जाहीर क्रिया, विलोपनासारखी विनाशकसुद्धा, साध्या दुव्याने चालविता येई. म्हणून मार्गांची फेरिस्त ‘रेल्स रूट्स’ या आज्ञेने वेळोवेळी तपासणे अगत्याचे आहे.