शिळ्या कढीला ऊत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'शिळ्या कढीला ऊत आणणे' असं आपण म्हणतो, ते काही कौतुकानं नव्हे. मिटलेला विषय कुणी पुन्हा उकरून काढला की हा टोमणा ठरलेला. कढी बिचारी काही बोलत नाही. पण या वाक्प्रचारात आपल्या स्वयंपाकघराची एक नोंद पक्की राहिली आहे. आपल्याकडे उरलेलं गरम करायचं म्हणजे ते चुलीवर ठेवायचं, खालून जाळ द्यायचा आणि उकळी फुटायची वाट बघायची. युरोपात शिळ्याची वाट वेगळी होती. तिथं ते एका बंद पेटीत जायचं आणि त्याला चहूबाजूंनी ऊब लागायची. ही पेटी म्हणजे ओव्हन. आज आपल्या शहरांतल्या घरांतही ओटीजी नावानं ती ओट्यावर येऊन बसली आहे. तिच्यात शिरलेल्या शिळ्या अन्नाची गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवातीला ओव्हन घरात नव्हताच. तो गावाचा असे. फ्रान्समध्ये तर अनेक ठिकाणी तो जमीनदाराच्या मालकीचा असे आणि रयतेनं आपला पाव तिथंच भाजून घ्यायचा, त्याचा मोबदला द्यायचा, अशी सक्ती होती. फ्रेंच राज्यक्रांतीत हे हक्क गेले. लाकडं जाळून तापवलेली ही भट्टी हळूहळू निवत जाते. आधी कडक आचेवर पाव भाजायचा आणि मग उरलेल्या उबेत इतर भांडी सरकवायची, असा शिरस्ता होता. युरोपातल्या ज्यू वस्त्यांमध्ये शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी मांस-कडधान्याचं भांडं भटारखान्यात नेऊन ठेवत. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून रात्रभर भट्टीच्या उबेवर ते शिजत राही आणि शनिवारी दुपारी गरम जेवण मिळे. आपल्याकडे ईदच्या आधी नानकटाईची पिठं भरलेले पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीत जाणारी पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही सार्वजनिक भट्टी काय चीज होती ते वेगळं सांगायला नको.

घराघरात ओव्हन आला तो एकोणिसाव्या शतकात, कोळशावरच्या लोखंडी शेगडीबरोबर. इंग्लंडमधल्या मध्यमवर्गाचा आठवडाच मग या पेटीभोवती फिरू लागला. रविवारी मांसाचा मोठा तुकडा भाजायचा. सोमवार धुण्याचा दिवस, तेव्हा तोच थंड खायचा. मग उरलंसुरलं बारीक चिरून, रस्सा घालून, वर उकडलेल्या बटाट्याचा थर देऊन पुन्हा ओव्हनमध्ये. आज मोठ्या हॉटेलांच्या यादीत 'शेफर्ड्स पाय' आणि 'कॉटेज पाय' ही नावं दिमाखात झळकतात, ती मुळात शिळ्याची सोय होती. १८६१ साली पुस्तकरूपात आलेल्या मिसेस बीटन यांच्या प्रसिद्ध गृहव्यवस्थेच्या ग्रंथात थंड मांसाचं काय करायचं, याच्या कितीतरी कृती आहेत. शिळं लपवायचं नाही, त्याला नवं नाव द्यायचं, ही युक्ती आपल्या आयाबहिणींनाही ठाऊक होती. फोडणीची पोळी, कुस्करा, फोडणीचा भात ही त्याचीच रूपं. फक्त त्यांच्यावर कुणी ग्रंथ लिहिला नाही.

या सगळ्या कहाणीत मला सर्वांत आवडणारा माणूस आहे झां-बातीस्त बूसँगो. हा फ्रेंच शेतीरसायनतज्ज्ञ. पाव शिळा का होतो, असा साधा प्रश्न त्याला पडला. सगळं जग म्हणत होतं, त्यातलं पाणी उडतं म्हणून. बूसँगोनं १८५२च्या सुमारास पाव बंदिस्त ठेवला, पाणी उडू दिलं नाही, तरी तो शिळा झालाच. मग त्यानं शिळा पाव भट्टीत पुन्हा तापवला. आतला भाग ६०-७० अंश सेल्सिअसपर्यंत गेला आणि पाव पुन्हा मऊ झाला! म्हणजे तापवल्यानं ओलावा आणखी कमी होऊनही तो ताजा लागत होता. शिळेपणा कोरडेपणात नसतो, तो दुसऱ्याच कशात तरी असतो, हे त्यानं दाखवून दिलं.

हे दुसरं काय, ते विसाव्या शतकात उलगडलं. पाव भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि सैल होतो. थंड होत गेला की त्याचे रेणू पुन्हा शिस्तीत, एकाला एक चिकटून बसू लागतात. ही शिस्त म्हणजेच पावाचा शिळेपणा. उष्णता दिली की ती मोडते. मात्र ही मेहेरबानी थोड्या वेळाची असते. तापवलेला पाव निवला की पहिल्यापेक्षा लवकर कडक होतो. आणि गंमत बघा, ही शिस्त सर्वांत झपाट्यानं लागते ती गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे नेमकी फ्रीजच्या आत. पाव टिकावा म्हणून आपण फ्रीजमध्ये ठेवतो. बुरशीपासून तो वाचतो, पण शिळा लवकर होतो.

ज्यांना शिळेपणाशी भांडायचंच नव्हतं, त्यांनी पाव दुसऱ्यांदा भाजून पार वाळवून टाकला. 'बिस्कीट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच दोनदा भाजलेलं असा आहे. आपल्या बेकरीतला, चहात बुडवायचा टोस्ट हा त्याच घराण्यातला.

ओव्हनच्या आचेचा अंदाज हा पूर्वी अनुभवाचा भाग होता. आत हात घालून किती वेळ सोसवतं ते पाहायचं, नाहीतर कागदाचा तुकडा ठेवून तो किती वेळात तांबूस होतो ते बघायचं. नवं अन्न शिजवताना हे चालून जाई. शिळं गरम करताना मात्र आच जास्त झाली की कडा करपत आणि मधला भाग गार राही. १९२३ साली इंग्लंडमध्ये गॅसच्या ओव्हनला 'रेग्युलो' नावाचं उष्णता आवरणारं बटण बसलं आणि गृहिणीच्या हातचा अंदाज आकड्यांत उतरला. तिथल्या पाककृतींत आजही 'गॅस मार्क ४' असं लिहिलेलं सापडतं, ते या बटणाचं देणं आहे.

आता रेडिओची गोष्ट. दुसरं महायुद्ध सुरू झालं, ब्रिटनकडे धान्य आणणारी जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवू लागल्या. ८ जानेवारी १९४० रोजी लोणी, साखर आणि बेकन यांचं रेशनिंग सुरू झालं. पुढं मांसही आलं. अन्न वाया घालवणं कायद्यानं गुन्हा ठरलं. त्याच वर्षी बीबीसीनं 'किचन फ्रंट' हा कार्यक्रम सुरू केला. सकाळच्या बातम्या संपल्या की सव्वाआठला पाच मिनिटं. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांचं खातं आणि बीबीसी यांचा हा एकत्रित उद्योग होता. शिळ्या पावाचं काय करायचं, थोड्या मांसात घर कसं जेवू घालायचं, हे त्यात सांगत. गर्ट आणि डेझी या विनोदी बहिणींची जोडी त्यात हसवत हसवत शिकवी. एका पदार्थासाठी ओव्हन पेटवू नका, पेटवलाच तर पूर्ण भरा, हा इंधन वाचवण्याचा मंत्रही त्याच काळातला. श्रोतेहो, पाच मिनिटांच्या भाषणानं एका देशाचं शिळं अन्न देशभक्तीच्या पंगतीला बसवलं. नभोवाणीवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला याचा हेवा वाटतो.

पण हे सांगताना घास अडकतो. लंडनमध्ये शिळ्या पावाचा हिशेब मांडला जात होता, तेव्हा १९४३ साली त्याच साम्राज्यातल्या बंगालमध्ये माणसं दारोदार भाताची पेज मागत फिरत होती. भातसुद्धा नव्हे, त्याची नुसती पेज. त्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं मेली, असा अंदाज आहे. इंग्लंडमध्ये रेशनमुळे गरिबाच्याही ताटात ठरलेला वाटा पडला, हे त्या व्यवस्थेचं मोठं यश. ती व्यवस्था बंगालच्या खेड्यापर्यंत पोहोचली नाही.

शिळं कुणी, कुणाचं आणि कशासाठी खायचं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मराठीत शिळं वेगळं, उष्टं वेगळं आणि खरकटं वेगळं. इंग्रजीतला एकच शब्द आपल्या या तीन शब्दांना पुरत नाही. आपलंच रात्रीचं सकाळी खाणं ही काटकसर. दुसऱ्याच्या दारचं उरलेलं मागून खावं लागणं ही गुलामी. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडायला सांगितलं. त्यामागं पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान होता. तेव्हा शिळ्याचं गुणगान करताना आपण कोणत्या घरात बसून ते करतो आहोत, एवढं भान हवं.

युद्ध संपलं आणि अमेरिकेत एक उलटीच गोष्ट घडली. युद्धकाळात लष्करी विमानांसाठी गोठवलेली जेवणं तयार झाली होती आणि ती तापवायला पंखा असलेला छोटा ओव्हनही निघाला होता. १९५३ साली ओमाहा शहरातल्या स्वान्सन कंपनीनं हीच कल्पना बाजारात आणली. ॲल्युमिनियमचं खणाखणांचं ताट, त्यात टर्की, वाटाणे, रताळी. ४२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २१८ अंश सेल्सिअसला २५ मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायचं आणि टीव्हीसमोर बसायचं. किंमत एका डॉलरच्या आत. एक कथा अशी सांगतात, की थँक्सगिव्हिंगनंतर कंपनीची टनावारी टर्की विकली न जाता उरली, ती शीतगाडीच्या डब्यांत घालून देशभर फिरवत ठेवावी लागली आणि त्या संकटातून हे ताट जन्मलं. श्रेय कुणाचं, यावर नंतर बरेच वाद झाले, कथेच्या खरेपणाबद्दलही शंका घेतल्या गेल्या. पण ताट चाललं. दुसऱ्याच कुणी शिजवलेलं जेवण आपल्या ओव्हनमध्ये फक्त तापवायचं, ही सवय लागली.

ओव्हनची सद्दी मोडली ती मायक्रोवेव्हनं. १९४५ साली रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर रडारच्या यंत्राजवळ उभे असताना त्यांच्या खिशातली मिठाई वितळली. त्यातून १९४७ साली निघालेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचं होतं. ओट्यावर मावणारं घरगुती यंत्र १९६७ साली आलं, किंमत ४९५ डॉलर. पुढं स्वान्सनचं ॲल्युमिनियमचं ताट गेलं, मायक्रोवेव्हला चालणारं प्लास्टिकचं आलं आणि जुनं ताट वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जाऊन बसलं.

तरीही सामोसा मायक्रोवेव्हमध्ये तापवून बघा. मिनिटभरात कढत होतो खरा, पण आवरण लोळागोळा. मायक्रोवेव्ह पदार्थातल्या पाण्याला हलवतो, ते वाफ होऊन बाहेर येतं आणि पापुद्रा भिजवतं. ओव्हनची कोरडी हवा बाहेरून आत जाते, आधी पापुद्रा सुकवते. म्हणून पाव, पॅटिस, भाजलेलं मांस यांना ओव्हनच मानवतो. कोरडं पडणाऱ्या पदार्थाला थोडा रस्सा घालून झाकण लावायचं आणि शेवटच्या पाच मिनिटांत ते काढायचं. भाजलेल्या मांसाला दुसऱ्या दिवशी एक खवट वास येतो. १९५८ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं आणि चरबीचं हवेशी होणारं रासायनिक लग्न हे त्याचं कारण सांगितलं. आपला मसालेदार खिमा मात्र दुसऱ्या दिवशी अधिकच रंगतो, असा माझा ठाम अनुभव आहे. शास्त्राचं म्हणणं काही का असेना.

एक ठिकाण मात्र असं आहे, जिथं ओव्हनही हरतो. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतला परतलेला भात खाऊन लोक आजारी पडू लागले. भात संध्याकाळी शिजवून रात्रभर बाहेरच ठेवत, फ्रीजमध्ये तो चिकट होतो म्हणून. सकाळी तव्यावर झटपट परतत. तांदळात 'बॅसिलस सिरियस' नावाचा जंतू असतो. त्याची बीजं उकळत्या पाण्यातही जगतात, ऊबदार भातात रुजतात आणि विष तयार करतात. ते विष १२१ अंशांनाही नष्ट होत नाही. म्हणजे गरम करून जंतू मेले तरी विष उरतंच. अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला असा, की उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावं, तापवताना ओव्हन १६३ अंश सेल्सिअसच्या खाली नसावा आणि पदार्थाचा मध्य ७४ अंशांपर्यंत पोहोचावा. आपल्या उन्हाळ्यात तर दोन तासही जास्तच. लग्नाघरचा दुपारचा बिर्याणीचा हंडा रात्रीपर्यंत झाकून ठेवणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं. तो हंडा निवत ठेवण्यापेक्षा उथळ थाळ्यांत पसरून लवकर थंड करावा आणि मगच फ्रीजमध्ये सरकवावा.