नव्या मोटारीचे ऑइल केव्हा बदलावे?

नवी मोटार दारात येऊन महिना होतो न होतो तोच पहिल्या सर्व्हिसिंगची वेळ येते आणि इंजिन ऑइल आताच बदलावे का, हा प्रश्न उभा राहतो. एके काळी त्याचे उत्तर सरळ होते. नव्या इंजिनातील सिलिंडर, पिस्टनच्या रिंगा व बेअरिंग एकमेकांशी जुळून येताना धातूचे सूक्ष्म कण झिजून तेलात उतरत. म्हणून पहिल्या हजार किलोमीटरला ते तेल काढून टाकले जाई. आता सुटे भाग अधिक अचूक घडविले जातात, ऑइलही सुधारले आहे आणि बरेचसे कण फिल्टर अडवतो. त्यामुळे भारतातील अनेक पेट्रोल मोटारींसाठी पहिला बदल १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा सांगितलेला असतो. पहिल्या मोफत सर्व्हिसिंगमध्ये बहुधा तपासणीच असते. ‘मोफत’ असते ती मजुरी. ऑइलचे पैसे ग्राहकालाच द्यावे लागतात. तेव्हा कोणी आग्रह धरल्यास मोटारीसोबतच्या पुस्तिकेतील तक्ता उघडून दाखवावयास सांगावे. त्यात लवकर बदल लिहिला असेल, तर तो अवश्य करावा.

खरी चूक होते ती ‘जे आधी होईल’ या शब्दांकडे दुर्लक्ष झाल्याने. मोटार केवळ मंडईपर्यंत, दोन-तीन किलोमीटरच जात असेल, तर इंजिन पुरेसे तापत नाही. ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल तेलातच साचत राहते. वर्षभरात काटा ३,००० किलोमीटरवरच असला, तरी ते तेल बदलण्यायोग्य झालेले असते. मुंबई-पुण्याच्या कोंडीत तर मोटार जागीच उभी असते, इंजिन मात्र चालू राहते. असा वापर, धुळीचे रस्ते किंवा सततचे घाट असल्यास पुस्तिकेत वेगळी, कमी मुदत दिलेली असते. आपल्याकडील बहुतेक शहरी मोटारी याच वर्गात मोडतात, हे कोणी सहसा सांगत नाही!

ऑइल काळे पडले म्हणजे ते निकामी झाले, असे नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पातळी मात्र महिन्यातून एकदा पाहावी. त्यासाठी मोटार सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. बदलताना पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचे, उदाहरणार्थ ‘०डब्ल्यू-२०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’, ऑइल घ्यावे, फिल्टरही नवा बसवून घ्यावा आणि तारीख व किलोमीटर नोंदविलेले बिल जपून ठेवावे. वॉरंटीच्या वादात तेच उपयोगी पडते.