पेलेट ग्रिलमधली चरबी जाते कुठे?

पेलेट ग्रिल म्हणजे लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणारं ग्रिल. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जो ट्रेगर यांनी ते आणलं. स्क्रू गोळ्या पुढे ढकलतो, पंखा हवा देतो, कंट्रोलर तापमान सांभाळतो.

पण हा कंट्रोलर सहसा फक्त तापमान बघतो. मांसातून गळणारी चरबी निव्वळ उतारावर चालते : तिरक्या ट्रेवरून पन्हळीत, तिथून बाहेरच्या डब्यात. माझ्या मते डिझाइनमधला कच्चा दुवा हाच. ट्रेवरच्या फॉइलला सुरकुती पडली किंवा पन्हळ तुंबली, की चरबी साचते आणि तापमान वाढवलं की पेटू शकते.

म्हणून ग्रिल गार झाल्यावर ट्रे आणि पन्हळ खरवडा, डबा रिकामा करा. आग लागलीच तर झाकण बंद ठेवा. पाणी अजिबात ओतू नका.